चौथा रकाना

भोगव्याच्या वरच्या अंगाला रिसॉर्ट बंद पडलं.
मालक गेला, पाटी गेली, कोंबड्या विकल्या गेल्या.
मागे राहिले पाच नर.
नराला गिऱ्हाईक नसतं,
एवढुशा नराला तर नाहीच.
कापला तर वाटीभर रस्सा.

जयवंती तांडेल मासे विकून परतताना
आरवणं ऐकून कुंपणाशी थांबली.
गंजलेली जाळी, उपडी परात, पाण्याचा थेंब नाही.
टोपलीच्या तळाचा बर्फ, बांगड्यांच्या वासाचा,
तिने मुठीने आत सोडला.
ते तुटून पडले त्याच्यावर.
मग पाचही जण टोपलीत, वर फडकं,
आणि टोपली माझ्या टेबलावर:
"हे कोंबे खयच्या जातीचे गो, बाय?"

गुरांच्या दवाखान्यात रजिस्टर असतं.
तारीख, मालक, वर्णन,
आणि चौथा रकाना, जात.
गाईम्हशींचा मी बोलता बोलता भरते.

पहिल्याची बोटं मोजली. पाच.
कोंबड्याला चार असतात, पुन्हा मोजली. पाचच.
पिसं नव्हेत, सावरीचा कापूस,
फुंकर मारली तर खाली निळीकाळी कातडी.
सिल्की. लिहिलं. एक सुटला.

दुसऱ्याचे पाय इतके आखूड
की पंखांची टोकं फरशीवर रेघा ओढत चालली,
शेपूट मात्र डोक्याच्याही वर.
जपानी असावा, डॉक्टर फोनवर म्हणाले.
बैलाचं औषध न्यायला आलेला इनास आल्मेडा म्हणाला,
कसला जपानी, हा आमच्या लग्नातला बेंडवाला,
भावाचा कोट घालून आलाय.

तिसऱ्याच्या पायांत पिसांचे मोजे,
चिखलाने कडक झालेले.
ते कोमट पाण्यात भिजवायला अर्धा तास गेला.
कोचीन. बहुतेक.
बहुतेक लिहायला रकान्यात जागा नाही.

चौथा सोनेरी, एकेका पिसाला काळी किनार
कुणी बसून काजळाने ओढल्यासारखी,
आणि नराची लोंबती शेपूट नाहीच.
वॉचमन सांगत होता,
याला एकाने मादी म्हणून नेला होता,
दुसऱ्या दिवशी पहाटे आरवला,
तसा नऊ वाजता परत आणून टाकला.
सेब्राइट. पुस्तकात चित्र आहे, पान एकशे बारा.

पाचवा कुठेच बसेना.
तुरा चपटा, एका बाजूला कललेला.
कानाची पाळी अर्धी लाल, अर्धी पांढरी.
डाव्या पायाला चार पिसं, उजवा उघडा.
पुस्तक उघडं ठेवून मी त्याला चित्राशेजारी धरलं,
त्याने चित्राला टोच मारली.

कुडाळहून एकजण मोटरसायकलवर आला, पाळायला हवेत म्हणाला.
उलटेसुलटे केले, पंख ताणले,
दात बघायचेच तेवढे राहिले.
"चार नेतो. हा नको.
ह्याच्या जातीचा पत्ता नाही."

मला शाळेत घातलं
तेव्हा गुरुजींनी मान खाली ठेवूनच विचारलं होतं.
बाबा बोलायच्या आत
गुरुजींची नजर त्यांच्या हातांवर गेली
आणि शब्द लिहून झाला.
टीपकागद दाबला. शाई जरा फाकली.
तो दाखला अजून माझ्या ट्रंकेत आहे,
नोकरीला लागताना उपयोगी पडला,
हेही खरं.

जयवंती शुक्रवारी पुन्हा आली.
"कळली काय जात?"
चौघांची कळली.
"आणि ह्येची?"
नाही.
"बरां झालां," ती म्हणाली,
"एक तरी नुसतो कोंबो."
आणि कोलंबीची टरफलं त्याच्यापुढे टाकून गेली.

महिनाअखेरीला डॉक्टर रजिस्टर तपासतात.
हा मोकळा का?
म्हटलं, बघतेय अजून.
तो खिडकीच्या गजावर बसलेला असतो.
पहाटे गप्प.
दुपारी अडीचची कुडाळ एसटी वळणावर हॉर्न देते,
तेव्हा आरवतो.